प्रेमिला कापगते स्पीकर निवडते

कोहमाऱ्याच्या चौकात एसटीतून उतरून कुणालाही विचारा, जेवण कुठे चांगलं मिळेल, तर तो प्रेमिलाच्या ढाब्याकडे बोट दाखवेल. पाटीवर अजून तिच्या वडिलांचं, बकारामचं नाव आहे, पण ती पाटी आता फक्त नवखे वाचतात. बाकीच्यांना गल्ल्यावर बसलेली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, पदर खोचून हुकूम सोडणारी प्रेमिला माहीत आहे. भात घरच्या शेतातला, मासे गावच्या तलावातले. तो तलाव तिच्याच घराण्यातल्या कुणीतरी कधीकाळी बांधला, असं म्हातारे सांगतात. ती स्वतः मात्र त्यावर कधी बोलत नाही. मासे ताजे आहेत की नाहीत, एवढंच बघते.

नवरा केवळराम शेती सांभाळतो, ती ढाबा सांभाळते. कोण काय ठरवणार यावरून त्यांच्यात भांडण होत नाही, कारण बहुतेक गोष्टी प्रेमिलानं ठरवून टाकलेल्या असतात. बोअर कुठे खणायची, फ्रीज कधी घ्यायचा, लेकीला, अंजूला, नागपूरला शिकायला ठेवायचं की नाही, सगळं तिनं ठरवलं आणि सगळं नीट झालं. त्यामुळे दिवाळीनंतर एके दिवशी जेवता जेवता तिनं सांगितलं, की आता मी चांगले स्पीकर घेणार, तेव्हा केवळरामनं मान डोलावली. ढाब्यावर गाणी लावायची असतील, असं त्याला वाटलं.

"ढाब्यावर नाही," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. माह्यासाठी."

केवळरामचा घास हातातच राहिला.

प्रेमिलाचं हे वेड तसं जुनं होतं. ती चौदा वर्षांची असताना शिलाँगकडचा एक ट्रक चौकापाशी बंद पडला. सुटा भाग रायपूरहून यायचा होता, तोवर ड्रायव्हर बकारामच्या ढाब्यावरच राहिला. त्याच्या केबिनमध्ये टेप होता आणि त्यावर जे वाजायचं ते प्रेमिलानं जन्मात ऐकलं नव्हतं. गाण्याची भाषा तिला कळत नव्हती. पण खाली ढोल पडायचा, त्याच्यासोबत एक जाडसर तार धूम धूम करत चालायची आणि वरून गिटार असा कापत यायचा, की ती चुलीवरचं दूध विसरायची. हे काय आहे, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, रॉक. जाताना तो एक कॅसेट देऊन गेला. ती कॅसेट प्रेमिलानं लग्नाआधी वाजवली, लग्नानंतर वाजवली, आणि शेवटी टेपानं ती खाऊन टाकली.

पुढे मोबाइल आला आणि जगातलं सगळं रॉक त्यात मिळायला लागलं. अंजूनं आईला गाणी शोधायला शिकवलं. पण मोबाइलमधून येणारा आवाज म्हणजे डासाची गुणगुण. अंजूनं हेडफोन आणून दिले. त्यात ढोल होता, जाड तारही होती, पण सगळं डोक्याच्या आत. प्रेमिलाला ते छातीत हवं होतं, ट्रकच्या केबिनमध्ये बसल्यावर यायचं तसं. मग ब्लूटूथचा एक डबा आला. तो बिचारा मोठ्या आवाजात असा खरखरला, की तिनं तो ढाब्यावरच्या पोरांना वाजवायला देऊन टाकला.

गोंदियात रोशन नावाचा एक मिस्त्री आहे. टीव्ही, मिक्सर, लाउडस्पीकर, जे येईल ते दुरुस्त करतो. ढाब्याचं सगळं काम त्याच्याकडेच जातं. प्रेमिलानं त्याला गाठलं आणि आपलं बजेट सांगितलं. तेवढ्या पैशांत नवे स्पीकर घेतले तर मनासारखे मिळणार नाहीत, जुने बघा, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. जुन्या पेट्या भक्कम लाकडाच्या असतात आणि लोक अडगळ म्हणून विकायला काढतात. त्यानंच स्वतः दुरुस्त केलेला एक अ‍ॅम्प्लिफायर तिला स्वस्तात दिला आणि जुने स्पीकर कसे तपासायचे तेही शिकवलं. आवाज काढणाऱ्या मोठ्या पडद्याच्या कडेला रबराची किंवा कापडाची पट्टी असते, ती कुजली आहे का बघायचं. पडदा बोटांनी हलकेच आत दाबायचा, घासल्याचा आवाज आला तर घ्यायचं नाही. वरच्या लहान स्पीकरला कान लावायचा, तो मुका आहे की बोलतो ते पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणारा लावेल ते गाणं ऐकायचं नाही, आपलं गाणं न्यायचं.

प्रेमिलानं हे एकदाच ऐकलं. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या चादरीत गुंडाळून स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवला, मोबाइलमध्ये तीन गाणी काढून ठेवली आणि कामाला लागली.

पहिली फेरी गोंदियाच्या बाजारातल्या जुन्या मालाच्या दुकानात. दुकानदारानं आधी वरातीतल्या गाडीवर चढवतात तसल्या पेट्या दाखवल्या. प्रेमिला नुसती हसली. मग त्यानं कमरेएवढे उंच, काळे चकचकीत स्पीकर बाहेर काढले. त्यांत निळे दिवेही होते. त्यानं लावलेल्या गाण्यावर दुकानाचं शटर थरथरलं. बाहेरून जाणारे दोघे आत डोकावले. प्रेमिलानं आपलं गाणं लावायला सांगितलं आणि काउंटरपासून लांब जाऊन उभी राहिली.

ढोल पडला, पण थांबला नाही. प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळत गेला. जाड तार कुठे वाजते आणि ढोल कुठे, ते वेगळं काढताच येईना. शिजून पार लगदा झालेल्या खिचडीसारखं झालं होतं सगळं. तिनं गाणं बंद केलं.

"बास कितना है देखा ना मॅडम?" दुकानदार म्हणाला.

"बास बहुत है," प्रेमिला म्हणाली, "लेकिन रुकता नहीं."

त्यानं किंमत उतरवली, मग आणखी उतरवली. प्रेमिलानं एकाचा पडदा दाबून पाहिला, कडेची पट्टी तिच्या बोटाला भुग्यासारखी लागली. तिनं दुकानदाराला ती दाखवली, चहा पिऊन त्याचे आभार मानले आणि अ‍ॅम्प्लिफायर उचलून बाहेर पडली.

दुसरी फेरी गोरेगावला, बाजाराच्या दिवशी. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले शालीकराम बिसेन आपले लहान स्पीकर विकणार आहेत, असं तिला रोशनकडून कळलं होतं. मुलानं मोठा टीव्ही आणि त्याच्यासोबतचा साउंड घेतल्यामुळे यांची जोडी कपाटावर गेली होती. बिसेन सर माणूस म्हणून उमदा. त्यांनी स्वतः ओढाताण करून स्पीकर खाली काढले, धूळ पुसली आणि आपलं न लावता तिचंच गाणं लावू दिलं.

आवाज फार सुंदर होता. गाणारा माणूस समोर उभा राहून गातो आहे, श्वास घेतो आहे, असं वाटावं इतका. प्रेमिला पहिलं गाणं पूर्ण ऐकत बसली. दुसरं मात्र धडाक्याचं होतं. गिटार आला, नीटनेटका आला, पण धार नव्हती. ढोल तर दाराबाहेर उभं राहून कडी वाजवल्यासारखा. किंमत तिच्या बजेटच्या निम्मीसुद्धा नव्हती. घ्यावेत की काय, असा विचार तिच्या मनात आला. पण स्वस्त आहेत म्हणून घेतले, तर रोज ऐकताना काहीतरी कमी आहे हे टोचत राहणार. तिनं सरांना तसं सांगून टाकलं. स्पीकर गोड आहेत, पण माझ्या गाण्याचे नाहीत.

सरांना राग आला नाही. उलट ती कुठलं संगीत ऐकते हे कळल्यावर त्यांना गंमत वाटली. त्यांनीच मग तिला फुलचूरचा पत्ता दिला. त्यांचे एक स्नेही रेल्वेत गार्ड होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी फार पूर्वी कोलकात्याहून मोठे स्पीकर आणले होते, मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातून, पोरांना आणावं तसे जपून. पत्नी शामकलाबाई आता एकट्या राहतात आणि ते काढून टाकायचं म्हणतात.

शामकलाबाई सत्तरीच्या, अंगानं किरकोळ, पण बोलणं ठणठणीत. स्पीकर समोरच्याच खोलीत होते. गुडघ्याच्या वर येतील एवढ्या दोन रुंद पेट्या, खऱ्या लाकडाच्या. एकीवर लोणच्याच्या बरण्या आणि दुसरीवर टेबलफॅन. पुढची जाळी काढली तेव्हा आत ताटाएवढा कागदी पडदा दिसला. कडेला कापडाची पट्टी, अजून मऊ. प्रेमिलानं दोन्ही दाबून पाहिले. कुठे घासलं नाही. तिनं चेहऱ्यावर आनंद दाखवला नाही.

"आवाज गेला त्याइचा," शामकलाबाईंनी आधीच सांगून टाकलं. "घर रंगवलं तेव्हा रंगवाल्यायनं सारं काढलं, मंग पुन्हा जोडलं. तेव्हापासून पोकळ वाजते. दोघं-तिघं पाहून गेले, कोनी नेलं नाही."

प्रेमिलानं अ‍ॅम्प्लिफायर पेट्यांना आधीच लावलेल्या वायरींना जोडला आणि गाणं लावलं. खरंच पोकळ होतं. समोर बसल्यावर ढोल गायब, जाड तार गायब, नुसता वरचा कलकलाट. ती उठली आणि एका पेटीजवळ गेली. तिथे ढोल होता. दुसरीजवळ गेली. तिथेही होता. पुन्हा मध्ये आली, गायब.

हे तिनं पूर्वी अनुभवलं होतं. एका वर्षी गणपतीत ढाब्यावर दोन लाउडस्पीकर लावले, तेव्हा गल्ल्यावर बसलं की गाणं असंच बुडायचं. रोशननं येऊन एकाच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली होती. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं एकमेकांचं काम खाऊन टाकतात, असं त्यानं समजावलं होतं. प्रेमिला एका पेटीच्या मागे वाकली. लाल वायर काळ्याच्या जागी होती. तिनं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, वायरी काढल्या, जागा बदलून घट्ट बसवल्या आणि पुन्हा चालू केला.

पहिला ठोका पडला आणि थांबला. नुसता पडला आणि थांबला, पुढच्यासाठी जागा मोकळी ठेवून. त्याच्या खालून जाड तार चालत आली, एकेक सूर वेगळा. मग गिटार आला, आणि प्रेमिलाच्या हातावर काटा उभा राहिला. बरण्या बारीक आवाज करू लागल्या, त्या तिनं उचलून खाली ठेवल्या. गाणं संपेपर्यंत ती खोलीच्या मध्यभागी उभीच होती.

शामकलाबाई दारात उभ्या होत्या. गाणं संपल्यावर त्या पुढे आल्या आणि माझं एक लाव म्हणाल्या. प्रेमिलानं मोबाइलवर त्यांना हवं ते जुनं भजन शोधलं. त्या खुर्ची ओढून अगदी पेटीजवळ बसल्या. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून मान पुढे करून त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग अ‍ॅम्प्लिफायरचं बटण कुठलं, असं विचारलं. प्रेमिलानं दाखवलं. त्यांनी ते स्वतः फिरवलं, थोडं वाढवलं, थोडं कमी केलं, परत वाढवलं.

"बाई, मी इकत नाही आता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाले, पन त्याइनं मले ह्या बटनाले हात लावू नाही देल्ला. बिघडवशील म्हनत."

प्रेमिलानं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. तिनं वायरी सोडवल्या, त्या कशा लावायच्या ते शामकलाबाईंना दोनदा करून दाखवलं आणि निघाली. त्यांच्याकडे गार्डबाबांचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर होताच.

घरी आल्यावर तिनं सगळं केवळरामला सांगितलं. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, तो अंगावरचा भुसा झटकत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं कपाळावर हात मारला.

"मंग वायरी तेथं काऊन बदलवल्या? घरी आनून बदलवल्या असत्या."

"मले ऐकाचं होतं," प्रेमिला म्हणाली.

खरं तेवढंच होतं. त्या क्षणी तिला सौदा सुचलाच नव्हता. पण पुढचा आठवडा तिनं वाईट काढला. एरवी गिऱ्हाइकाशी हसून बोलणारी प्रेमिला वरणात मीठ जास्त पडलं म्हणून आचाऱ्यावर खेकसली. गोंदियाहून रोशननं आणखी एका जोडीची बातमी दिली, ती बघायला गेलीच नाही. त्या लाकडी पेट्यांचा ठोका तिच्या छातीत बसला होता आणि आता दुसरा कुठला बसणार नव्हता.

मग एका दुपारी कांदे चिरता चिरता तिला शामकलाबाईंचं ते मान पुढे करून ऐकणं आठवलं. त्या पेटीच्या इतक्या जवळ का बसल्या होत्या? शब्दांसाठी. त्या मोठ्या पेट्यांत मृदंग भरपूर होता, पण गाणाऱ्याचे शब्द मागे राहत होते. आणि शब्द तर बिसेन सरांकडच्या लहान स्पीकरमध्ये होते, श्वासासकट. प्रेमिलानं सुरी खाली ठेवली. हात धुतले आणि सरांना फोन लावला.

सरांनी स्पीकर आढेवेढे न घेता दिले. आधी ऐकवा, पटले तर पैसे द्या, असं म्हणाले. एक स्कूटीच्या पुढे, एक मागे बांधून प्रेमिला फुलचूरला पोचली. शामकलाबाईंना तिनं काहीच आडवळणानं सांगितलं नाही. म्हणाली, काकू, मला तुमचे स्पीकर हवे आहेत. पण त्याआधी हे ऐका. आवडले नाहीत तर मी परत घेऊन जाते, पुन्हा येणार नाही.

तिनं लहान स्पीकर खिडकीच्या कट्ट्यावर मांडले आणि तेच भजन लावलं. शामकलाबाई सवयीनं पुढे सरकायला गेल्या, मग थांबल्या. खुर्चीला टेकून बसल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्याला त्या गाणाऱ्यासोबत पुटपुटू लागल्या. संपल्यावर त्यांनी मोठ्या पेट्यांवर पुन्हा ऐकलं, मग पुन्हा लहानांवर. प्रेमिला फक्त वायरी बदलून देत होती. आपल्याला जे ऐकू आलं होतं ते शामकलाबाईंनाही ऐकू येणार, याची तिला खात्री होती.

"हे त्याइचे होते," शेवटी मोठ्या पेटीवर तळहात ठेवून त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे पाहिलं. "हे माहे. घेऊन जाय तू."

सौदा तिथल्या तिथे झाला. लहान जोडी आणि बिसेन सरांची किंमत वजा जाता बजेटमधले उरलेले पैसे शामकलाबाईंना, मोठी जोडी प्रेमिलाला. बजेटच्या वर एक पैसा गेला नाही आणि त्याचा तिला मनातून अभिमान वाटला. पैसे घेऊन शामकलाबाईंनी तिला जेवायला बसवलं. जेवताना गार्डबाबांच्या तक्रारीही सांगितल्या आणि त्यांचं कौतुकही. कोलकात्याहून त्या पेट्या आल्या त्या दिवशी त्यांनी आधी पेट्यांना आंघोळ घातल्यासारखं पुसलं, मग स्वतः हातपाय धुतले, असं सांगताना त्या हसत होत्या.

पेट्या आणायला केवळरामच धानाचा ट्रॅक्टर घेऊन आला. कोहमाऱ्यापर्यंत त्या पोत्यांच्या मध्ये, घोंगडीत गुंडाळून आल्या. मागच्या खोलीत कुठे ठेवायच्या यावर प्रेमिलानं दोन दुपारी घालवल्या. भिंतीला चिकटवल्या की ढोल फुगायचा. कोपऱ्यात ठेवल्या की आणखी फुगायचा. शेवटी भिंतीपासून दोन हात पुढे आणून, खाली विटांचा थर देऊन ठोका हवा तसा बसला. त्यासाठी केवळरामची बियाण्याची पोती खोलीबाहेर गेली. तो दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी शेतावरून येऊन तो दारात उभा राहिला. आत प्रेमिला पलंगावर पाय दुमडून बसली होती, डोळे मिटून. गाणं जोरात चाललं होतं. तो चप्पल न काढता तसाच उभा राहून ऐकत राहिला.

"काय म्हनून राहिला तो, समजत नाही मले," गाणं संपल्यावर तो म्हणाला. "पन ढोलवाला पक्का आहे."

"बस ना मंग," प्रेमिला म्हणाली आणि पलंगावर सरकून जागा केली.

आता दुपारचं जेवण उरकून ढाबा सुस्तावला की ती तासभर मागे जाते. त्या तासात तिला कुणी हाक मारत नाही. मुक्कामी ट्रकवाले कधी कधी कान देऊन विचारतात, आत कोण राहतं? आचारी सांगतो, मालकीणबाई. त्यांना ते खरं वाटत नाही.

ही गोष्ट हळूहळू पसरली. देवरीचा एक मास्तर जुने स्पीकर घ्यायला निघाला तेव्हा रोशननं त्याला सांगितलं, आधी कोहमाऱ्याच्या प्रेमिलाबाईंना घेऊन जा. ती गेली. मास्तरला गझला ऐकायच्या होत्या. तिनं दोन जोड्या नाकारायला लावल्या, तिसरी घ्यायला लावली आणि ती त्याच्या घरी मांडून त्याचं गाणं ऐकून झाल्यावर त्याला म्हणाली, आता माझं एक ऐकून पाहू. मास्तरनं हो म्हटलं. तिनं मोबाइल काढला, खुर्ची मध्यभागी ओढली आणि आवाज वाढवायच्या आधी मास्तरच्या बायकोला तेवढं सांगितलं, की कपाटावरच्या काचेच्या वस्तू जरा खाली काढून ठेवा.